पोच, पावती आणि वेग : संगणकीय संदेश-रांगांच्या इतिहासातील एक प्रश्न

१. प्रस्तावना

एखादा कागद किंवा रक्कम हाती पडल्याची जी खूण दिली जाते तिला मराठीत 'पोच' म्हणतात. हा शब्द 'पोचणे' या क्रियापदावरून आला. 'पावती' हा शब्द 'पावणे' म्हणजे मिळणे, पोचणे यावरून आला. उर्दूत रूढ असलेला 'रसीद' हा शब्द फारसीतील 'रसीदन' या क्रियापदापासून झाला असून त्याचाही मूळ अर्थ पोचणे हाच आहे. तिन्ही शब्दांनी एकच क्रम गृहीत धरला आहे : वस्तू आधी पोचते आणि पोच नंतर मिळते. ज्याच्या हाती पोच आहे त्याची चिंता संपली, असे व्यवहारात आपण मानतो.

संगणकांच्या आपसातील व्यवहारात मात्र हे गृहीत नेहमी खरे ठरत नाही. पाठवणाऱ्या संगणकाला पोच मिळते, तो निश्चिंत होतो, आणि त्यानंतर संदेश नाहीसा होतो, असे घडू शकते आणि घडलेही आहे. यामागे बहुतेक वेळा यंत्राचा दोष नसतो. पोच केव्हा द्यायची, याविषयी प्रणाली घडवणाऱ्यांनी घेतलेला तो निर्णय असतो. पोच लवकर दिली तर काम वेगाने होते. संदेश पक्का सुरक्षित झाल्यावर दिली तर काम मंदावते. संदेश-रांग प्रणालींच्या गेल्या तीस-बत्तीस वर्षांच्या इतिहासात हा निर्णय कसकसा बदलत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

२. रांगेची गरज

विद्यार्थ्याने महाविद्यालयाचे शुल्क ऑनलाइन भरले, असे समजू. बँकेच्या संगणकाने ही गोष्ट महाविद्यालयाच्या संगणकाला कळवायची आहे. पण त्या क्षणी महाविद्यालयातील वीज गेली असेल तर? दोन्ही संगणक एकाच वेळी चालू असतील तरच व्यवहार होईल अशी अट घातली, तर अर्धे व्यवहार अडकून पडतील. म्हणून मध्ये एक तिसरा ठेवतात. त्याला 'ब्रोकर' म्हणतात. पाठवणारा आपला संदेश ब्रोकरकडे देतो आणि आपल्या कामाला लागतो. घेणारा सवडीने येऊन आपल्या नावाच्या रांगेतून संदेश उचलतो. हीच 'मेसेज क्यू', म्हणजे संदेशांची रांग होय.

या मांडणीत पोच दोनदा दिली जाते. ब्रोकर पाठवणाऱ्याला पोच देतो, आणि घेणारा आपले काम झाल्यावर ब्रोकरला पोच देतो. पोच वाटेत हरवली तर पाठवणाऱ्यापुढे पेच उभा राहतो. संदेश पुन्हा पाठवावा, तर तो दोनदा पोचण्याची भीती असते. न पाठवावा, तर तो मुळीच न पोचण्याची भीती असते. त्यामुळे 'फार तर एकदा' किंवा 'निदान एकदा' यांपैकी एका हमीची निवड करावी लागते. 'नेमके एकदा' हवे असेल, तर दुबार आलेला संदेश ओळखून बाजूला काढण्याची सोय वेगळी करावी लागते. शुल्काच्या उदाहरणात पहिल्या निवडीने विद्यार्थ्याची नोंद राहून जाईल, तर दुसऱ्या निवडीने ती दोनदा होईल.

३. नोंद आधी, पोच नंतर

आयबीएम कंपनीने १९९३ साली 'एमक्यूसिरीज' ही प्रणाली बाजारात आणली. पुढे २००२ मध्ये तिचे नाव 'वेबस्फिअर एमक्यू' आणि २०१४ मध्ये 'आयबीएम एमक्यू' असे झाले. निरनिराळ्या कंपन्यांची, निरनिराळ्या जातींची यंत्रे एकमेकांशी जोडणे हा तिचा हेतू होता. बँका आणि विमा कंपन्या हे तिचे ठळक ग्राहक. तिने प्रत्येक संदेशाबाबत पाठवणाऱ्याला निवड दिली : संदेश टिकाऊ हवा की अल्पजीवी? टिकाऊ संदेश डिस्कवरील नोंदवहीत लिहिला जाई. अल्पजीवी संदेश स्मृतीत राही आणि ब्रोकर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की सामान्यतः नष्ट होई.

दोन्हींच्या वेगात किती अंतर पडते, हे साध्या गणिताने कळते. त्या काळापासून प्रचलित असलेली फिरती डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक संदेश डिस्कवर उतरल्याची खात्री करूनच पोच द्यायची ठरवली आणि प्रत्येक खात्रीसाठी एक फेरा जाऊ दिला, तर सेकंदाला सुमारे १२० संदेशच पुढे सरकतील. स्मृतीतील लेखनाला यांतले काहीच आडवे येत नाही.

यावर डेटाबेसच्या अभ्यासकांनी पूर्वीच एक तोड काढली होती. शंभर संदेश साठू द्यावेत, एका फेऱ्यात एकदम लिहावेत आणि मग शंभर पोचा द्याव्यात. असे केल्यास त्याच डिस्कवर सेकंदाला १२,००० संदेशांचा हिशेब बसतो. यात कोणतीही हमी सोडावी लागत नाही. पहिल्या संदेशाला थोडे थांबावे लागते, इतकेच. पुढील काळात वेगाचे जे दावे झाले त्यांतील बराच भाग या घाऊक लेखनाचा होता. मात्र घाऊक लेखनाने वेग वाढवणे आणि हमी सैल करून वेग वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत अनेकदा झाली.

४. भाव आणि पैसा

वेगाच्या बाजूनेही एक जुनी आणि सबळ परंपरा आहे. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीद्वारे 'द इन्फर्मेशन बस' नावाची प्रणाली उभी केली. शेअर बाजारातील दलालांच्या टेबलांवर बदलते भाव पोचवणे हे तिचे काम होते. ज्याला जो भाव हवा त्याने त्या विषयाची नोंदणी करायची आणि तो भाव बदलला की तो सर्व नोंदणीदारांकडे एकदम जायचा. ही कंपनी १९९४ साली रॉयटर्सने घेतली आणि १९९७ मध्ये त्यातून 'टिबको' ही कंपनी उभी राहिली.

भावाचा संदेश आणि पैसे देण्याचा संदेश यांच्या स्वभावात मूलभूत फरक आहे. एखाद्या समभागाचा एक भाव हरवला तरी क्षणात पुढचा भाव येतो आणि मागचा निरुपयोगी होतो. तो जपण्यासाठी नव्या भावाला थांबवून ठेवणे म्हणजे उलट नुकसान. पैसे देण्याच्या आज्ञेचे तसे नाही. तिची जागा पुढची आज्ञा घेत नाही. म्हणजे वेगाला प्राधान्य देणारी प्रणाली आपोआप बेजबाबदार ठरत नाही. ज्या कामासाठी ती घडवली त्या कामाबाहेर ती वापरली जाते तेव्हा खरा धोका सुरू होतो.

५. एका यंत्राकडून अनेक यंत्रांकडे

डिस्कवर लिहिलेला संदेशही डिस्कच बिघडली तर जातो. म्हणून एकच संदेश अनेक यंत्रांवर ठेवण्याची कल्पना आली. अशा यंत्रसमूहाला 'क्लस्टर' म्हणतात. वरवर पाहता प्रती वाढल्या की सुरक्षितता वाढायला हवी. वस्तुतः प्रती वाढल्या की त्यांच्यात एकमत राखण्याचे नवे काम उभे राहते.

या कामातील मूळ अडचण १९७५ साली अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर यांनी मांडली. पुढे जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये तिला दोन सेनापतींच्या कोड्याचे रूप दिले. दोन टेकड्यांवर दोन मित्र सेनापती आहेत आणि मधल्या दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय शक्य आहे. पण निरोप नेणारा जासूद दरीत पकडला जाऊ शकतो. पहिल्याने वेळ कळवली, तरी दुसऱ्याची पोच येईपर्यंत तो निश्चिंत नसतो. पोच पाठवणारा दुसराही, आपली पोच पोचली की नाही, या शंकेत राहतो. मग पोचेची पोच, तिचीही पोच, असे कितीही वाढवले तरी दोघांची एकाच वेळी खात्री होत नाही.

एरिक ब्रूअर यांनी २००० साली आणखी एक मर्यादा अनुमान म्हणून मांडली आणि २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी ती सिद्ध केली. क्लस्टरमधील यंत्रांचा आपसातील संपर्क तुटून दोन तट पडले, तर दोन्ही तटांनी काम चालू ठेवणे आणि दोन्हीकडची माहिती एकच राहणे, या दोन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत. एकीचा त्याग करावाच लागतो.

त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग बहुमताचा. तीन यंत्रांपैकी दोघांनी किंवा पाचांपैकी तिघांनी संदेश लिहून घेतल्यावरच पोच द्यायची. कोणत्याही दोन बहुमतांत निदान एक यंत्र सामाईक असते, त्यामुळे पोच दिलेला संदेश पुढच्या बहुमताला ठाऊक असतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांचा 'पॅक्सॉस' १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो समजण्यास अवघड मानला जाई. दिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये 'राफ्ट' ही समजण्यास सोपी पद्धत मांडली.

बहुमताची किंमत अर्थातच वेळात मोजावी लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. दोन यंत्रे हजार किलोमीटर दूर असतील, तर जाण्यायेण्यातच किमान १० मिलिसेकंद जातात, आणि हा वेळ कोणत्याही कौशल्याने कमी होत नाही. शिवाय बहुमत उपलब्ध नसेल तर प्रणाली पोच देण्यास नकार देते. ग्राहकाला हा नकार म्हणजे बिघाड वाटतो. वस्तुतः खोटी पोच देण्यापेक्षा दिलेला तो प्रामाणिक नकार असतो.

६. रॅबिट-एमक्यूचा अनुभव

एमक्यूसिरीज आणि टिबको या खासगी मालकीच्या प्रणाली होत्या. बँकांना खुले मानक हवे होते. जेपी मॉर्गन चेस या बँकेत जॉन ओ'हारा यांनी २००३ साली 'एएमक्यूपी' या खुल्या संकेतप्रणालीचे काम सुरू केले. तिच्यावर आधारलेली 'रॅबिट-एमक्यू' २००७ साली आली. ती एर्लांग या भाषेत लिहिलेली आहे. ही भाषा एरिक्सन कंपनीत टेलिफोन केंद्रांच्या गरजेतून जन्मली.

एएमक्यूपीमध्ये पाठवणाऱ्याला पक्की खात्री हवी असेल तर 'ट्रान्झॅक्शन'ची सोय होती. पण रॅबिट-एमक्यूच्या मार्गदर्शिकेनेच नमूद केले की, तिने वेग सुमारे २५० पटींनी घटतो. इतक्या महाग खात्रीकडे वापरकर्ते वळणार नाहीत हे उघड होते. २०११ मध्ये स्वतंत्र पोचेची सोय आली. तीत पाठवणारा प्रत्येक पोचेसाठी खोळंबत नाही. तो पाठवत राहतो आणि पोचा मागून येत राहतात.

त्याच वर्षी एका रांगेच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवणाऱ्या 'मिरर्ड' रांगा आल्या. त्यांत बहुमताची पद्धत नव्हती. संपर्क तुटला की दोन्ही तटांत स्वतंत्र प्रमुख निवडले जाऊ शकत. संपर्क पुन्हा जुळल्यावर एका तटाची माहिती टाकून द्यावी लागे, आणि त्यात पोच दिलेले संदेशही जात. 'अल्पमतातील यंत्रांनी थांबावे' अशीही एक मांडणी उपलब्ध होती, पण ती निवडणे चालकाच्या हाती होते.

७. काफ्काची उलटी सुरुवात

लिंक्डइन या कंपनीपुढील प्रश्न निराळा होता. कोणी कोणते पान पाहिले, काय शोधले, कशावर टिचकी मारली, याच्या असंख्य नोंदी तिला गोळा करायच्या होत्या. यासाठी जे क्रेप्स, जुन राव आणि नेहा नारखेडे यांनी 'काफ्का' घडवली आणि २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. नेहा नारखेडे पुण्यात वाढल्या आणि तेथेच त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पुढे अमेरिकेत जॉर्जिया टेकमधून त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. या तिघांनी २०१४ मध्ये 'कॉन्फ्लुएंट' ही कंपनी स्थापन केली.

काफ्काने रांगेची कल्पनाच बदलली. घेणाऱ्याने संदेश उचलला की तो पुसला जात नाही. संदेश एका लांब नोंदवहीत क्रमाने लिहिले जातात आणि प्रत्येक घेणारा आपण कोठपर्यंत वाचले याची खूण ठेवतो. प्रत्येक संदेशाचा वेगळा हिशेब ठेवण्याचे ब्रोकरचे काम त्यामुळे फार हलके झाले.

तिच्या कर्त्यांनी २०११ साली सादर केलेल्या शोधनिबंधात वेगाचे आकडे दिले आहेत. २०० बाइटांचे संदेश एकेक पाठवले असता सेकंदाला सुमारे ५०,०००, आणि पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्याने पाठवले असता सुमारे ४,००,००० संदेश गेले. त्याच निबंधात कर्त्यांनी हेही स्पष्ट लिहिले की, पाठवणारा ब्रोकरच्या पोचेची वाट पाहत नाही, त्यामुळे प्रत्येक संदेश पोचलाच असे सांगता येत नाही. प्रती ठेवण्याची सोयही तेव्हा नव्हती. ब्रोकरची डिस्क कायमची बिघडली तर न वाचलेले संदेश गेले, हेही त्यांनी मान्य केले. पाहिलेल्या पानांच्या नोंदींसाठी हा सौदा त्यांना योग्य वाटला, आणि त्या कामापुरता तो योग्यही होता. परंतु पुढे आकडे लोकांच्या लक्षात राहिले आणि त्यांच्यासोबतची अट मागे पडली.

प्रती ठेवण्याची सोय २०१३ मध्ये ०.८ या आवृत्तीत आली. प्रत्येक नोंदवहीच्या विभागाला एक 'लीडर' आणि काही 'फॉलोअर' असत. पाठवणाऱ्याला तीन पर्याय मिळाले : पोच नकोच, फक्त लीडरची पोच, किंवा सर्वांची पोच. यातील 'सर्व' या शब्दाचा अर्थ बारकाईने पाहण्याजोगा आहे. सर्व म्हणजे क्लस्टरमधील सर्व प्रती नव्हेत. त्या क्षणी लीडरच्या बरोबरीने चालणाऱ्या तेवढ्या प्रती. मागे पडलेली प्रत यादीतून वगळली जाते. दोन्ही फॉलोअर मागे पडले तर यादीत लीडर एकटाच उरतो, आणि मग 'सर्वांची पोच' ही एकट्याची पोच ठरते.

८. परीक्षा आणि परतीचा प्रवास

काइल किंग्सबरी यांनी २०१३ पासून 'जेप्सन' या नावाने अशा प्रणालींची जाहीर तपासणी सुरू केली. पद्धत सरळ होती. क्लस्टरला संदेश पाठवत राहायचे, मध्येच यंत्रांमधील संपर्क मुद्दाम तोडायचा, काही वेळाने जोडायचा, आणि शेवटी ज्या संदेशांची पोच मिळाली होती ते सर्व आत आहेत का हे मोजायचे.

त्याच वर्षी काफ्काची तपासणी झाली. वर सांगितलेली अडचणच समोर आली. यादी आकसून लीडर एकटा उरला, त्याने पोचा दिल्या, आणि नंतर तोही तुटला. मग मागे पडलेल्या प्रतीला लीडर केले गेले व मधले संदेश हरवले. २०१४ मध्ये रॅबिट-एमक्यूच्या तपासणीतही पोच दिलेल्या संदेशांचा मोठा हिस्सा नाहीसा झालेला आढळला. दोन्ही ठिकाणी पाठवणाऱ्याच्या हाती पोच होती.

यानंतरचा इतिहास सावकाश परतण्याचा आहे. काफ्कामध्ये २०१५ साली, यादीत निदान इतक्या प्रती असल्याशिवाय लेखन स्वीकारू नये, अशी अट घालण्याची सोय आली. २०१७ मध्ये ०.११ या आवृत्तीत मागे पडलेल्या प्रतीला लीडर करण्याची मुभा मूळ मांडणीतून काढली गेली, आणि दुबार संदेश ओळखण्याची सोयही आली. २०२१ मध्ये ३.० या आवृत्तीत 'सर्वांची पोच' हीच मूळ मांडणी झाली. तोवर ती 'फक्त लीडरची पोच' अशी होती. रॅबिट-एमक्यूने २०१९ मध्ये ३.८ या आवृत्तीत राफ्टवर आधारलेल्या 'क्वोरम' रांगा आणल्या, आणि २०२४ मध्ये ४.० या आवृत्तीतून मिरर्ड रांगा काढूनच टाकल्या.

दोघांच्या मार्गात तरीही एक फरक राहिला. क्वोरम रांगेत बहुमतातील यंत्रे संदेश डिस्कवर उतरवून मगच पोच देतात. काफ्का मूळ मांडणीत डिस्कची वाट पाहत नाही. अनेक यंत्रांच्या स्मृतीत संदेश आहे, ती सर्व एकाच क्षणी बंद पडणार नाहीत, यावर ती भिस्त ठेवते. यंत्रे निरनिराळ्या इमारतींत, निरनिराळ्या वीजवाहिन्यांवर असतील तर हा विश्वास रास्त आहे. तिन्ही यंत्रे एकाच खोलीत, एकाच वीजजोडणीवर असतील, तर तीन प्रतींचे मोल बरेच कमी होते. म्हणजे संदेशाची सुरक्षितता खोलीच्या वायरिंगवरही अवलंबून असते.

९. समारोप

या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मूळ मांडणीचे महत्त्व. सुरक्षित पर्याय बऱ्याच आधीपासून उपलब्ध होते, पण जे निवडावे लागते ते फार थोडे लोक निवडतात. म्हणून २०१७ आणि २०२१ मधील बदल कोणत्याही नव्या शोधाइतकेच महत्त्वाचे ठरतात. दुसरी, तोट्याचा वाटा. वेगाचा लाभ प्रणाली विकणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला रोज मिळतो. हरवलेल्या संदेशाचा तोटा क्वचित होतो, पण होतो तेव्हा तो ज्याचे शुल्क किंवा वेतन अडकले त्याच्या माथी येतो. त्याला आपल्या वतीने कोणता सौदा झाला हे ठाऊकही नसते.

तिसरी गोष्ट अध्यापनाशी संबंधित आहे. विद्यार्थी प्रकल्पासाठी प्रणाली निवडताना बहुधा सेकंदाला किती संदेश जातात एवढेच विचारतात. त्याऐवजी पोच कोण देतो, ती देण्यापूर्वी संदेश किती ठिकाणी लिहिला जातो, तो स्मृतीत असतो की डिस्कवर, आणि संपर्क तुटल्यावर प्रणाली थांबते की पुढे जाते, हे प्रश्न त्यांना विचारायला शिकवले पाहिजे. उत्तर दर वेळी सर्वांत कडक असण्याची गरज नाही. बाजारभाव किंवा पाहिलेल्या पानांची नोंद यांना सैल हमी पुरते. परीक्षेचे गुण, शुल्क, वेतन यांना ती पुरत नाही. कोणत्या संदेशाला कोणती हमी लागते हे ठरवण्यासाठी तो संदेश कोणाच्या आयुष्यात काय बदलतो, हे आधी माहीत असावे लागते. आणि ही माहिती यंत्राकडे नसते, ती प्रणाली बसवणाऱ्यानेच मिळवायची असते.